मागितली 8,500, मिळाली 6,112

[दृश्य: अंधारी खोली, एक टर्मिनल. कर्सर लुकलुकतोय.]

एका लिनक्स सर्व्हरवर कुणीतरी एक आकडा टाइप करतंय. 8,500. हा आकडा 'एनआर ह्यूजपेजेस' नावाच्या फाइलीत लिहिला जाईल. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरी वाटणारा; पान म्हणजे मेमरीचा ठरलेल्या मापाचा तुकडा. अर्थ सरळ आहे: कर्नलबाबा, मला 2 एमबीची साडेआठ हजार मोठी पानं बाजूला काढून दे.

एंटर दाबलं. चूक नाही, इशारा नाही, पुढची ओळ आली. म्हणजे काम झालं असं कुणालाही वाटेल.

आता तीच फाइल वाचून बघू.

[दृश्य: पडद्यावर आकडा उमटतो: 6,112.]

जेवढी जमली तेवढी पानं कर्नलने दिली आणि तो गप्प बसला. उरलेली 2,388 मिळाली नाहीत, हे त्याने आपणहून सांगितलं नाही. विचारलं तेव्हा मात्र खरं उत्तर दिलं. मोठ्या पानांच्या सगळ्या कारभाराचा स्वभावच असा आहे, आणि तो ओळखला नाही तर महिनोन्‌महिने आपण समजतो एक आणि मशीनवर चालतं दुसरंच.

[दृश्य: जुन्या प्रोसेसरच्या चिपचं जवळून चित्रण.]

मुळात मोठी पानं लागतात कशाला? मेमरीची पानं पाडायची कल्पना जुनी आहे. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात 1962 साली ती होती. 4 केबीचं पान इंटेलच्या घराण्यात आलं 1985 साली, 80386 या प्रोसेसरबरोबर. 4 एमबी मेमरी म्हणजे तेव्हा 1,024 पानं. आजच्या 64 जीबीच्या सर्व्हरवर त्याच मापाने 1 कोटी 67 लाखांहून जास्त पानं होतात. मेमरी हजारो पटींनी वाढली, पानाचं माप तेच राहिलं.

प्रोग्रॅम वापरतो तो पत्ता खरा नसतो. खरा पत्ता शोधायला प्रोसेसरला एकाखाली एक असे चार तक्ते उलगडावे लागतात. प्रत्येक वेळी हा खटाटोप परवडत नाही, म्हणून नुकतेच सापडलेले पत्ते तो टीएलबी नावाच्या छोट्याशा वहीत टिपून ठेवतो. छोटीशी म्हणजे किती? इंटेलच्या स्कायलेक पिढीत दुसऱ्या पातळीच्या वहीत 1,536 नोंदी मावतात. 4 केबीच्या पानांनी ती भरली, तर जेमतेम 6 एमबी मेमरीचे पत्ते तोंडपाठ. तीच वही 2 एमबीच्या पानांनी भरली तर 3 जीबी. वही तीच, नोंदी तेवढ्याच. शिवाय चारातला एक तक्ता गळतो, आणि 1 जीबीचं पान घेतलं तर दोन गळतात.

पण मला या विषयाने धरून ठेवलं ते वेगळ्याच हिशेबाने. वेगाची चर्चा सगळे करतात, जागेची फारसं कुणी करत नाही.

[दृश्य: पडद्यावर बेरीज हळूहळू मांडली जाते.]

पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. त्याची सामायिक मेमरी 16 जीबी ठेवली आहे. तिथे दर कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅमची वेगळी प्रत, असते, आणि मेमरी सामायिक असली तरी पत्त्यांचे तक्ते दर प्रोसेसचे आपापले. 16 जीबीत 4 केबीची 41,94,304 पानं. दर पानाला 8 बाइटची नोंद. म्हणजे ती सगळी मेमरी फिरून आलेल्या एका प्रोसेसचे तक्ते 32 एमबीचे. 300 कनेक्शन असतील तर 9,600 एमबी! नऊ जीबीहून जास्त मेमरी माहिती साठवण्यात नाही, माहिती कुठे ठेवली आहे हे लिहिण्यात गेली. 2 एमबीची पानं घेतली की नोंदी उरतात 8,192, दर प्रोसेसला 64 केबी, आणि तीनशेंचे मिळून 19 एमबीच्या आत.

हा आकडा शोधायला लांब जावं लागत नाही. 'प्रॉक' या कर्नलच्या माहितीच्या फोल्डरातल्या 'मेमइन्फो' फाइलीत 'पेजटेबल्स' नावाची एक ओळ असते. आपल्या सर्व्हरवर ती एकदा तरी बघाच.

[दृश्य: एसटी स्टँड. भरत आलेली गाडी.]

मग 8,500 मागूनही 6,112 च का मिळाली? मेमरी रिकामी होती की!

रिकामी होती, पण सलग नव्हती. एसटीत बारा जागा मोकळ्या असतात, तरी पाच जणांच्या कुटुंबाला एकत्र बसता येत नाही, जागा विखुरलेल्या. 2 एमबीच्या एका पानाला 4 केबीची 512 पानं ओळीने, तीही ठरलेल्या सीमेवरच सुरू होणारी हवीत. मशीन जितके दिवस चालू, तितकी ही विखुरण वाढते. कर्नल कंडक्टरसारखा लोकांना सरकवून बघतो. याला काँपॅक्शन म्हणतात. पण त्याच्या स्वतःच्या कामाची काही पानं जागची हलवता येतच नाहीत. अशा एका पानामुळे आजूबाजूची 511 मोकळी पानं वाया जातात.

'प्रॉक'मधल्याच 'बडीइन्फो' फाइलीत हे उघड दिसतं. नेहमीच्या मांडणीत अकरा रकाने: पहिला 4 केबीच्या मोकळ्या तुकड्यांचा, पुढचा प्रत्येक दुपटीचा. दहावा रकाना 2 एमबीचा. डावीकडे लाखांचे आकडे आणि दहाव्या-अकराव्यात शून्य, तर मागणी करून उपयोग नाही. म्हणून ही मागणी मशीन चालू होतानाच नोंदवावी. 1 जीबीच्या पानांसाठी तर मी बूटच्या, म्हणजे मशीन चालू होतानाच्या, आज्ञेच्या ओळीशिवाय दुसरा विचारच करणार नाही.

[दृश्य: मेमइन्फोच्या चार ओळी: टोटल, फ्री, रिझर्व्ह्ड, सरप्लस.]

आता कर्नलचा अहवाल. यातल्या 'फ्री' या ओळीने भले भले फसतात.

मंगल कार्यालय डोळ्यांना रिकामं दिसतं, पण मुहूर्ताचं बुकिंग झालेलं असतं. वऱ्हाड यायचंय एवढंच. मोठ्या पानांचंही तसंच आहे. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की पानं 'रिझर्व्ह्ड'मध्ये धरली जातात, पण प्रत्यक्ष हात लागेपर्यंत ती 'फ्री'तही मोजली जातात. दुसऱ्या कुणाला देता येतील अशी पानं हवी असतील तर 'फ्री'तून 'रिझर्व्ह्ड' वजा करायचं. 'सरप्लस' म्हणजे ठरलेल्या साठ्यापलीकडे, परवानगी असल्यास, गरजेपुरती उभी केलेली पानं.

आणखी एक जागा अशीच. या चार ओळी फक्त मूळ मापाच्या, म्हणजे वेगळं काही न सांगता मिळणाऱ्या, पानांबद्दल बोलतात. मूळ माप 2 एमबी असेल आणि तुम्ही 1 जीबीची पानं काढली असतील, तर 'टोटल' शून्य दिसू शकतं आणि मेमरी मात्र गेलेली. सगळ्या मापांची बेरीज 'ह्यूजटीएलबी' या ओळीत असते, आणि मापवार तपशील 'सिस' या फोल्डराखालच्या वेगवेगळ्या फोल्डरांत. प्रोसेसच्या आरएसएसमध्येही, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या मेमरीच्या मोजणीतही, ही पानं धरत नाहीत; कर्नल 4.4 पासून प्रोसेसच्या 'स्टेटस' फाइलीत त्यांची वेगळी ओळ आहे.

आणि साठा गरजेपेक्षा जास्त काढू नका, हे कळकळीने सांगतो. ही पानं स्वॅप होत नाहीत, म्हणजे डिस्कवर हलवता येत नाहीत, साध्या कामाला वापरताही येत नाहीत. हजारो मोठी पानं रिकामी पडलेली, आणि शेजारी साधी मेमरी संपली म्हणून कर्नल प्रोसेस मारतोय, हे घडतं.

हे सगळं आपोआप नाही का होणार? होतं, काही प्रमाणात. 2011 च्या मार्चमध्ये कर्नल 2.6.38 आला, त्यात अँड्रिया आर्केंजेली यांनी केलेली 'ट्रान्सपरंट ह्यूजपेजेस' ही सोय होती. पण ती प्रामुख्याने प्रोसेसच्या खासगी मेमरीसाठी. पोस्टग्रेसची सामायिक मेमरी सहसा तिच्या बाहेरच राहते. रेडिस हा डेटाबेस तर ती बंदच ठेवा म्हणतो.

[दृश्य: पुन्हा तेच टर्मिनल. सर्व्हर रीबूट होतोय.]

पोस्टग्रेसची मोठ्या पानांची सेटिंग मुळात 'ट्राय' असते. मिळाली तर घेईल, नाहीतर मुकाट्याने लहान पानांवर चालू होईल. माझ्या मते महत्त्वाच्या सर्व्हरवर ती 'ऑन' असावी: पानं नसतील तर डेटाबेस सुरूच होऊ नये, कारण तेव्हा निदान कुणीतरी बघेल तरी. किती पानं लागतील हे आवृत्ती 15 पासून पोस्टग्रेस स्वतः मोजून सांगतो. खरोखर मिळाली का, हे 2024 च्या आवृत्ती 17 पासून.

आपल्या सर्व्हरने सांगितलं, 8,370 लागतील. बूटच्या वेळी 8,500 काढली. फाइल वाचली: 8,500. डेटाबेस चालू केला.

[दृश्य: मेमइन्फो, दर काही सेकंदांनी ताजी होणारी.]

टोटल 8,500. फ्री 8,380. रिझर्व्ह्ड 8,250. वजाबाकी केली तर मोकळी पानं 130, म्हणजे हिशेब जुळला. सकाळचे नऊ वाजतात, पहिली कनेक्शन येतात, डिस्कवरची माहिती मेमरीत उतरू लागते. फ्री आणि रिझर्व्ह्ड, दोन्ही आकडे एकदमच खाली सरकतात. 8,379, 8,249. 8,371, 8,241. वऱ्हाड आलं.