सीपीयू १२ टक्के, तरी कॉम्प्युटर काहून अटकते?

राजेहो, नमस्कार. आपल्या इकडं पीक विम्याचे फॉर्म भरणारे, ऑनलाइन सेंटर चालवणारे पोट्टे नेहमी विचारते, भाऊ, टास्क मॅनेजरमधी सीपीयू फक्त १२-१३ टक्के दाखवते, रॅम रिकामी, डिस्क निवांत, मंग हे काहून अटकते?

तर तो १२ चा आकडा साऱ्या कोरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांची, सरासरी आहे. चार कोरचा प्रोसेसर असन आन हायपर-थ्रेडिंग (एक कोर दोन असल्यावाणी दाखवायची सोय) चालू असन तं विंडोज त्याले आठ लॉजिकल प्रोसेसर धरते, १०० भागिले ८, साडेबारा. वावरात आठ माणसं लावले, एकटा निंदून राह्यला आन सात धुऱ्यावर बसले तं सरासरी साडेबाराच निघन, पण त्या एकट्याचा जीव चालला ना! एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, चालणाऱ्या प्रोग्रामचं हेच होते, त्याचा कोर फुल, बाकीच्यांचा त्याले काही उपयोग नाही.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकासंगं दाबा, टास्क मॅनेजर उघडन, मंग परफॉर्मन्समधी सीपीयू, ग्राफवर राइट क्लिक, चेंज ग्राफ टू, लॉजिकल प्रोसेसर्स. दिसले आठ डबे? आता इथंच लोक फसते, कारण एकच डबा वरपर्यंत भरलेला दिसनच असं नाही, सिस्टिम तोच थ्रेड या कोरवरून त्या कोरवर हलवत राह्यते, मंग तीन-चार डब्यांत थोडा थोडा चढउतार दिसते आन माणूस म्हणते कोणीच फुल नाही. म्हणून डिटेल्स टॅब बी पाहा, तिथं एखादा प्रोग्राम १२-१३ वर अडून बसला, वर सरकतच नाही, तं समजा त्यानं एक पूर्ण कोर खाल्ला. अशा कामासाठी जास्त कोरचं मशीन घेऊन पैसे घालवू नका बाप्पा, एका कोरचा वेग पाहा.

लिनक्सवर टॉप नावाची कमांड लावली तं तोच प्रोग्राम १०० दाखवते, कधी कधी कोणी ३०० च्या वर बी जाते, घाबरू नका, तिथं १०० म्हणजे एक कोर. १ चं बटन दाबलं का कोर वेगवेगळे दिसते. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मशीन सुरू झाल्यापासून प्रत्येक कोरचा वेळ मोजत राह्यते, टॉपसारखा आकडे दाखवणारा प्रोग्राम फक्त दोन वेळा वाचून फरक काढते, त्यामुळं रिफ्रेश पाच सेकंदांवर ठेवलं तं मधातला छोटा झटका सपाट होऊन जाते.

आन लिनक्सच्या जीनोम डेस्कटॉपच्या सिस्टिम मॉनिटरमधी डिव्हाइड सीपीयू युसेज बाय सीपीयू काउंट अशी एक टिक आहे, ती लावली का १०० चे परत साडेबारा होते, म्हणून दोन मशीनचे आकडे ताडून पाहायच्या आधी ती टिक तपासा.