काम कुठलं करता?

नमस्कार श्रोतेहो.

ठाणे-बेलापूर रस्त्यानं दिघ्याकडून तुर्भ्याकडे निघालात, की रबाळे, घणसोली, महाप्याच्या नाक्यांवर एका ठरावीक वळणाची दुकानं दिसतात. दारात हँगरला निळा बॉयलर सूट, खाली सेफ्टी शूजचे खोके, वर दोरीला हेल्मेटं आणि चमकत्या पट्ट्यांची जॅकेटं. आत पाऊल टाकलं की दुसऱ्या भिंतीला जीन्स, टी-शर्ट, फॉर्मल पँटी, मुलींचे टॉप. कामावर जायचे कपडे आणि कामावरून सुटल्यावर मिरवायचे कपडे, दोन्ही एकाच छपराखाली. सात तारीख उलटली की इथे गर्दी होते, दहानंतर आणखी होते. १९३६च्या वेतन कायद्यानं लहान कारखान्यांना सात तारखेची आणि हजारावर कामगार असलेल्यांना दहा तारखेची मुदत घालून दिली, त्याचं गणित या दुकानांच्या गल्ल्यावर अजून दिसतं.

मी याच पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. गणवेश, बूट, हातमोजे यांची खरेदी माझ्याकडे असायची, त्यामुळे अशा दुकानांचा मी जुना गिऱ्हाईक. शेजारीशेजारी दोन दुकानं असतात, माल तोच, भावातही दहा-वीस रुपयांचा फरक. तरी एकाकडे बापामागून मुलगा जात राहतो आणि दुसऱ्याची पाटी दर दोन वर्षांनी बदलते. असं का होतं, त्याबद्दल आज बोलणार आहे.

टिकलेल्या दुकानांत शिरलं की पहिला प्रश्न मापाचा येत नाही. ‘कितीची कंबर?’ हे नंतर. आधी विचारतात, ‘दादा, काम कुठलं करता?’

या प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे. तुम्ही म्हणालात वेल्डिंग, तर जाणता दुकानदार पॉलिस्टर मिसळलेला स्वस्त सेट तुमच्यासमोर उलगडणारच नाही. ठिणगी पडली की सुती कापड जळतं, काळं पडतं. पॉलिस्टर मात्र अडीचशे अंशांच्या थोडं पुढे वितळतं आणि कातडीला चिकटतं. तो तुम्हाला जाड सुती ड्रिल दाखवेल, खिशांना झाकण आहे का बघेल आणि पँटची मोहरी बाहेरून दुमडलेली नको म्हणून सांगेल, कारण त्या घडीत ठिणग्या साठतात. तुम्ही म्हणालात खाण्याच्या पदार्थांच्या कंपनीत, तर तो छातीला खिसा नसलेला कोट काढेल. बटणाऐवजी टिचबटन. वाकल्यावर खिशातलं पेन किंवा तुटलेलं बटण पिठात पडू नये, एवढाच हेतू. लेथवर असाल तर घोळदार बाही नको. १९४८च्या कारखाना कायद्यात, कलम २२ मध्ये, चालत्या यंत्राजवळ तपासणी-दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला अंगाबरोबरचे कपडे मालकानं पुरवावेत असं लिहिलेलं होतं. दुकानदारानं ते कलम वाचलेलं नसतं. पण बाही गुंतून हात गेलेला माणूस त्यानं पाहिलेला असतो.

हे असं काम विचारणं आपल्याकडचंच आहे असं नाही. आज ज्याला आपण वेस्टर्न म्हणतो त्या जीन्सचा जन्मच यातून झाला. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली, नवऱ्यासाठी टिकाऊ पँट शिवून द्या म्हणाली. डेव्हिसनं खिशांच्या कोपऱ्यांना, जिथे ताण येतो नेमकं तिथे, तांब्याच्या खिळ्या ठोकल्या. पँट टिकली, बातमी पसरली, मागणी वाढली. पेटंट काढायला पैसा हवा, म्हणून त्यानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या कापड-व्यापाऱ्याला, लेव्हाय स्ट्रॉसला, पत्र लिहिलं. २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट झालं. आपल्या कॉलेजातली पोरं गुडघ्यावर फाडून घेतात ती जीन्स मुळात न फाटण्यासाठी शिवलेली, याची मला अजून गंमत वाटते.

आता बुटांकडे येतो. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण गिऱ्हाईक कायमचं तुटतं ते बहुतेक वेळा बुटावरून.

सेफ्टी शूजवर आयएसआयची खूण आणि आयएस १५२९८ हा क्रमांक असतो. पुढची टोपी दोनशे ज्यूलचा आघात सोसणारी. साध्या भाषेत, वीस किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तरी बोटं वाचावीत. इतपत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते तळव्याचं. आपल्याकडचे पुष्कळसे सेफ्टी शूज पॉलियुरेथेनच्या म्हणजे पीयूच्या तळव्याचे. हलका, मऊ, पायाला सुखाचा. पण दमट हवेत हा पीयू हळूहळू आतून सडतो, आणि बूट वापरला नाही तरी सडतो. किंबहुना खोक्यात पडून राहिलेला बूट जास्त फसवतो, कारण वरून तो कोरा करकरीत असतो. आमच्या कारखान्यात एकदा एका पुरवठादारानं बुटांचा मोठा लॉट स्वस्तात दिला. वरचं चामडं झकास. महिन्याभरात शॉपफ्लोअरवर काळ्या चुऱ्याच्या रांगोळ्या. माणसं चालताहेत आणि तळवा मागे राहतोय. जुना, गोदामात मुरलेला माल होता. पुरवठादार म्हणाला, तुमच्याकडे केमिकल सांडतं त्याचा परिणाम. पॅकिंग विभागात कसलं आलंय केमिकल?

त्यानंतर मी तुर्भ्याच्या एका दुकानात गेलो. तिथल्या शेठनं बूट हातात दिला तो उलटा करून. तळव्यावर घड्याळासारखं एक गोल चिन्ह असतं, बारा महिन्यांचे आकडे आणि मधला बाण, शेजारी वर्ष. ‘साहेब, बिल नंतर, आधी महिना वाचा,’ म्हणाला. खालच्या फळीवरचे चार-पाच जोड त्यानं स्वतःच बाजूला सारले, हे देणार नाही म्हणून. त्या जोडांवरचं त्याचं नुकसान माझ्या पुढच्या सगळ्या ऑर्डरींनी भरून निघालं, हे मी माझ्या खरेदीच्या फायलींवरून खात्रीनं सांगू शकतो. श्रोतेहो, तुम्हीही बूट घेताना तो बाण बघत जा. आणि जमलं तर संध्याकाळी घ्यायला जा, कामावरचे मोजे घालून. दिवसभर उभं राहून पाय फुगतो. सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारच्या शिफ्टनंतर चावतो.

जीन्सच्या बाजूला गिऱ्हाईक बांधतो तो कोपऱ्यातला मास्टर. तयार जीन्सची उंची आपल्यापैकी बहुतेकांना दोन-तीन इंच जास्तच होते. मॉलमधल्या दुकानात ‘अल्टरेशन फ्री’ म्हणून सरसकट कापून देतात. नाक्यावरचा मुरलेला मास्टर म्हणतो, ‘आधी एकदा धुवा, मग आणा.’ कारण डेनिम पहिल्या धुण्यात आटतं. कारखान्यातच आटवून आणलेलं थोडं कमी, कोरं कापड असेल तर बरंच. आज कापून दिलेली पँट पुढच्या रविवारी घोट्याच्या वर जायची. आता या बोलण्यात दुकानदाराचा तोटा दिसतो, गिऱ्हाईक हातची पँट घेऊन परत जातं. पण ते आठवड्यानं पुन्हा दुकानात येतं, आणि तेव्हा बरोबर भाऊ असतो. मास्टर मोहरीची मूळ शिलाई सोडवून खालची पट्टी तशीच परत जोडतो, म्हणजे ती घासलेली कड तशीच राहते. हे काम वेळखाऊ. पन्नास-शंभर रुपयांत त्याला काय सुटतं, देव जाणे.

पावसाळ्यात चौदा औंसाची जाड जीन्स घेऊ नका, वाळणार नाही, असं गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदारही मी कोपरखैरण्यात पाहिला आहे. जुलैत गॅलरीत तीन दिवस लोंबणारी पँट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या सल्ल्याची किंमत कळेल.

बायकांच्या बाबतीत मात्र आपली बरीच दुकानं अजून मागे आहेत, आणि हे मी थोडं चिडूनच बोलतो. ऐरोलीच्या आयटी पार्कात, महाप्याच्या औषध कंपन्यांत, तळोज्याच्या गोदामांत मुली मोठ्या संख्येनं काम करतात. त्यांनी चार नंबरचा सेफ्टी शू मागितला की ‘मॅडम, सहापासून चालू’. मग मुली दोन मोजे घालून सहा नंबर ओढत फिरतात, आणि सैल बुटानं जिन्यावर पाय अडकतो. ट्रायल रूम म्हणजे मागच्या गोदामाला लावलेला पडदा. माझ्या नात्यातली एक मुलगी पहिल्या नोकरीसाठी फॉर्मल पँट घ्यायला निघाली. ठाण्यात गोखले रोडवर पाच-सहा दुकानं फिरली आणि शेवटी जिथे कडी नीट लागते, बाईमाणूस माप घेतं आणि ‘तुमच्या साईझचं आमच्याकडे नाही हो’ असं हॉलभर ओरडून कुणी सांगत नाही, तिथे थांबली. आता तिच्या ऑफिसातल्या चौघी तिकडेच जातात. कडीला खर्च किती आला असेल? आणि खिसे! मोबाईल मावेल असा खरा खिसा असलेली बायकांची पँट ज्यानं ठेवली, त्याला जाहिरात करावी लागत नाही.

सेल, कूपन, दिवाळीची भेटवस्तू याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ते सगळेच करतात. भावावर आलेलं गिऱ्हाईक भावावरच जातं.

ठेकेदार हे गिऱ्हाईक वेगळं. त्याला वीस गणवेश आज हवे असतात आणि चार महिन्यांनी, नवी माणसं आली की, आणखी तीन. गोची या तिनांत आहे. निळा रंग प्रत्येक लॉटला थोडा हलतो; जुने वीस एका छटेचे, नवे तीन दुसऱ्या, आणि रांगेत उभे केले की साहेब लगेच विचारतो. वाशीच्या सेक्टर १७ मधला माझ्या ओळखीचा एक दुकानदार प्रत्येक ऑर्डरच्या कापडाचा चौकोनी तुकडा वहीत टाचून ठेवायचा. शेजारी गिरणीचं नाव, जीएसएम म्हणजे कापडाचं चौरस मीटरमागे वजन, खिशावरच्या नावाच्या दोऱ्याचा नंबर, कोणाची कंबर किती. नवी माणसं आली की ठेकेदार फक्त फोन करायचा. बिलही त्याच दिवशी, जीएसटी नंबर अचूक टाकून, कारण त्या नंबरात एक आकडा चुकला तर ठेकेदाराचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं आणि ठेकेदार ते आयुष्यभर विसरत नाही.

ऑनलाइनचं काय, असं तुमच्यातले काही विचारतील. टी-शर्ट ऑनलाइन घ्या, खुशाल घ्या, स्वस्त पडतो. दुकानदारांनीही त्यावर रडत बसू नये. दुसऱ्या शिफ्टला जाताना दुपारी अडीचला बुटाचा तळवा सुटला तर कुरिअर उपयोगाचं नाही, नाक्यावरचं उघडं शटर लागतं. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी सगळ्यांना रविवारीच नसते, हे ओळखून आपली सुट्टी बदलून घेणारे दुकानदार आहेत. शिफ्ट सुटायच्या वेळी जेवायला न जाणारेही आहेत. त्यांच्याकडे आता मुलं गल्ल्यावर बसायला लागली आहेत. वहीची जागा व्हॉट्सअ‍ॅपनं घेतली आहे, मापं फोटोतून येतात. त्या मुलांपैकी कुणी हे भाषण ऐकत असेल तर एक विनंती: या वेळी बुटांची ऑर्डर लिहाल तेव्हा तीन, चार आणि पाच नंबरचे थोडे जोड वाढवून लिहा, आणि माल उतरवून घेताना तळव्यावरचा महिना तपासा.

नमस्कार.