चेहरा किती वेळा धुवायचा? निफाडची थंडी, नाशिकच्या द्वारका चौकाची धूळ आणि आपली त्वचा

(दृश्य: निफाडची पहाट, द्राक्षबागेत पेटलेल्या शेकोट्या)

डिसेंबर संपत आला की बातम्यांमध्ये निफाड येतंच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला ते अख्ख्या महाराष्ट्राला कळतं, आणि इकडे बागेत मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटेच शेकोट्या पेटवतात. याच दिवसांत माणसांचे गालही उलतात. ओठांच्या कडा फुटतात, नाकाच्या बाजूला पांढरं सुटतं. आणि मग आपण काय करतो, तर बंबातलं कडक पाणी घेतो, अंगाचाच साबण तोंडाला चोळतो आणि चेहरा ताणल्यासारखा झाला की म्हणतो, आता कसं स्वच्छ वाटतंय.

तो ताण म्हणजे स्वच्छता नाहीये. आपल्या त्वचेवर तेलाचा आणि घामाचा एक पातळ, किंचित आम्ल थर असतो, त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 4.7 ते 5.5 च्या आसपास, आणि नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. म्हणजे साबण मळाबरोबर हा थरही घेऊन जातो, मग आतलं पाणी उडतं आणि चेहरा ओढला जातो. ज्या सोसायट्यांमध्ये बोअरचं जड पाणी येतं तिथे तर साबणाचा चिकट थर चेहऱ्यावरच राहतो, कितीही धुवा. म्हणून तोंडासाठी सौम्य फेसवॉश वेगळा ठेवायचा, महागडा असायची गरज नाही, फक्त धुतल्यावर चेहरा ओढला जायला नको एवढंच बघायचं.

(दृश्य: आरशासमोर एक मुलगी, बाजूला भिंतीवरचं घड्याळ)

आपली त्वचा कोणती हे घरीच कळतं. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, वर काहीही लावू नका आणि अर्धा-पाऊण तास थांबा. सगळा चेहरा चमकायला लागला तर तेलकट, फक्त कपाळ, नाक, हनुवटी चमकली तर मिश्र, ओढल्यासारखं वाटलं, कोंडा सुटला तर कोरडी, आणि चुरचुरलं, लाल झालं तर संवेदनशील. वयाप्रमाणे हे बदलतं बरं का, पाळी गेल्यानंतर बायकांच्या त्वचेतलं तेल कमी होत जातं, त्यामुळे विशीत जो फेसवॉश छान चालला तोच पन्नाशीत त्रास देतो.

(दृश्य: नाशिकचा कॉलेज रोड, संध्याकाळची गर्दी)

सगळ्यात जास्त वेळा तोंड धुणारी मंडळी इथे सापडतात. पिंपल्स आलेत म्हणजे चेहरा घाण आहे असं या पोरापोरींना कुणीतरी सांगितलेलं असतं आणि मग ती दिवसातून पाच-पाच वेळा फेसवॉश घासतात, ते बघून खरंच वाईट वाटतं. पिंपल्स मळाने येत नाहीत. वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त काम करायला लागतात, छिद्राचं तोंड बुजतं आणि आत जंतू वाढतात, हे सगळं पृष्ठभागाच्या खाली चालतं आणि फेसवॉश तिथवर पोचतच नाही. 2006 मध्ये पिंपल्स असलेल्या पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, काहींना दिवसातून एकदा, काहींना दोनदा, काहींना चारदा तोंड धुवायला लावलं, सहा आठवडे. दोनदा धुणाऱ्यांचे ब्लॅकहेड्स कमी झाले. चारदा धुणाऱ्यांना त्या जास्तीच्या दोन वेळांचा वेगळा काही फायदा दिसला नाही.

म्हणून तेलकट त्वचेला दोनदा, सकाळी आणि रात्री, शिवाय खूप घाम आला तर अजून एकदा, बास. मध्येच चिकट वाटलं तर टिश्यूने टिपून घ्या. मिश्र त्वचेलाही दोनदाच, फक्त गालांवर जोर नको. कोरडी किंवा संवेदनशील असेल तर फेसवॉश फक्त रात्री, सकाळी साधं पाणी पुरतं.

रात्रीचं मात्र कुणीच चुकवायचं नाही. द्वारकेच्या सिग्नलवरचा धूर, हायवेची धूळ, सनस्क्रीन, मेकअप, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनवर काम असेल तर ऑइल आणि कूलंट (मशीन थंड ठेवणारं द्रव), ज्याने छिद्रं बुजून फोड येतात, हे सगळं घेऊन झोपायचं नाही. आणि गाडीवर तोंडाला बांधतो तो स्कार्फ, तोही रोज धुवा, घामट कापड गालाला दिवसभर घासत राहिलं तर त्यानेही पिंपल्स येतात.

(दृश्य: द्राक्षबाग, पाठीवर पंप घेतलेला माणूस)

इथे मात्र त्वचेचा प्रकार विचारायचाच नाही. फवारणी झाली की लगेच, जेवायच्या आधी, तंबाखूला हात लावायच्या आधी, पहिले हात साबणाने स्वच्छ धुवायचे, मग चेहरा आणि मान, भरपूर पाण्याने. फवारताना खांद्यावर होतं त्याच उपरण्याने तोंड पुसायचं नाही, कपडेही बदलायचे. औषध डोळ्यात गेलं तर साध्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळे धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

(दृश्य: नळाखाली ओंजळ)

धुवायचं कसं, तर कोमट पाणी, बोटांची टोकं, अर्धा मिनिट. काथ्या नको, स्क्रब रोज नको. टॉवेलने घासू नका, टिपा, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, तेलकट त्वचेलाही, फक्त हलकं, जेल टाइपचं. डाळीच्या पिठाने कुणाला त्रास होत नसेल तर वापरा, पण कोरड्या चेहऱ्यावर ते रगडू नका. लिंबू तर अजिबात नको, लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत पिंपल्स कमी झाले नाहीत, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडायला लागले असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मेडिकलमधून गोरं करणारी म्हणून मिळते ती ट्यूब आणू नका, अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने आधी चेहरा उजळतो, नंतर त्वचा पातळ पडते, लाल होते, आणि ट्यूब बंद केली की पिंपल्स दुप्पट जोराने परत येतात. आधीपासून लावत असाल तर ती ट्यूबही डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.