वल्हांडणाचा कोकरा

मराठी बायबलमधला ‘वल्हांडण’ म्हणजे ओलांडणं. इस्राएली लोक मिसर (इजिप्त) देशाच्या गुलामीतून सुटले, त्या रात्री तिथे घरोघरचा प्रथम जन्मलेला मरणार होता. ज्या दाराला रक्त लावलेलं, ते घर परमेश्वर ओलांडून जाणार होता.

तयारी चार दिवस आधीची. महिन्याच्या १० तारखेला कोकरू निवडायचं: नर, एक वर्षाचा, अंगावर खोड नसलेला. मेंढरांतला चालतो, बकऱ्यांतलाही. १४ तारखेच्या संध्याकाळी तो कापायचा. एजोब या झुडपाची जुडी रक्तात बुडवून दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला रक्त लावायचं. त्यातून क्रूसाचा आकार झाला असं प्रवचनांत ऐकू येतं. ही हकीकत सांगणाऱ्या बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या १२व्या अध्यायात तसं म्हटलेलं नाही.

पण रक्त लावून काम संपत नाही. कोकरा खायचा असतो. कच्चा नाही, उकडलेला नाही, विस्तवावर भाजलेला. सोबत बेखमीर (न आंबवलेली) भाकर आणि कडू भाजी. एकही हाड मोडायचं नाही. घरात माणसं थोडी असतील तर शेजाऱ्याला सामील करून घ्यायचं. खायचं ते निघायच्या तयारीत: कमर कसलेली, पायात जोडे, हातात काठी.

हा तपशील डोळ्यांसमोर ठेवून योहानाचं शुभवर्तमान वाचा. क्रूसावरच्या येशूपुढे आंबेने (आंबट द्राक्षारसाने) भिजलेला स्पंज धरला जातो, तो एजोबावर. शेजारच्या दोघांचे पाय मोडतात, येशूचे मोडत नाहीत. योहान लगेच सांगतो: त्याचं हाड मोडणार नाही, हा शास्त्रलेख पूर्ण झाला.

इथे एक चूक सर्रास होते. वल्हांडणाचा कोकरा म्हणजे बायबलच्या लेवीय पुस्तकातला पापार्पणाचा पशू, असं धरलं जातं. मिसरमधलं रक्त ही खूण होती, सुटकेची. पापक्षमेचा अर्थ ख्रिस्ती विश्वासाने यशया ५३ (लोकांच्या पापांसाठी सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय) आणि शेवटच्या भोजनात येशूने प्याल्यावर उच्चारलेले शब्द यांच्याशी जोडून घेतला. कोकरा पापार्पणापासून वेगळा काढून पाहिला, तर प्रभुभोजनात (चर्चमधल्या भाकर आणि प्याल्याच्या विधीत) भाकर का खायची तेही उमगतं: सुटका झालेल्यांनी एकत्र जेवायचं असतं.

प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त, त्याचं अर्पण झालं आहे; म्हणून जुनं खमीर काढून टाका. खमीर काढणं म्हणजे काय, ते कोकणातल्या बेने इस्राएली (मराठी बोलणाऱ्या ज्यू) घरांना सांगावं लागलं नसतं. या सणात आंबट पदार्थाचं मडकं झाकून ठेवायची त्यांची जुनी रीत होती. पौलाला काढायचं होतं ते खमीर मात्र मडक्यातलं नव्हतं: वाईटपणा आणि दुष्टपणा, असं त्याने नाव घेऊन लिहिलं आहे.