पारसिकचा बोगदा आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

श्रोतेहो, नमस्कार.

मी ठाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि रविवारी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, संपल्यावर चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. दोन्हीकडे बरीचशी मुलं तीच. रविवारीही त्यांच्या पाठीला दप्तर असतं, कारण आमचा वर्ग सुटला की नौपाड्यात नाहीतर राम मारुती रोडला क्लासची टेस्ट असते. सकाळी सगळ्यांबरोबर उभं राहून स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवावर माझा विश्वास आहे असं म्हणायचं, आणि दोन तासांनी विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं या उत्तराचा गोल काळा करायचा. मग एखादी मुलगी जाता जाता थांबते आणि विचारते, "सर, यातलं नक्की कुठलं धरायचं?"

तिला घरी दोन प्रकारची उत्तरं मिळतात. आजी सांगते, शाळेतलं पेपरापुरतं लिही, मनावर घेऊ नकोस. आणि काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असतं की शास्त्रज्ञांनी आता देव आहे हे सिद्ध केलंय. आजीच्या उत्तराने मुलगी दोन तोंडांनी बोलायला शिकते, हे वाईटच. पण मला जास्त काळजी काकांच्या उत्तराची वाटते. ते ऐकायला गोड लागतं, आणि त्यामुळेच ते कुणी तपासून बघत नाही. हे मी माझ्या मनाने बोलत नाही. हा इशारा एका धर्मगुरूनेच देऊन ठेवला आहे, आणि तोही साक्षात पोपना.

त्यांचं नाव जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचे. जन्म 1894. इंजिनीअर व्हायला निघाले होते, मधेच पहिलं महायुद्ध आलं, तोफखान्यात लढले. परत आल्यावर गणित आणि भौतिकशास्त्र शिकले, सेमिनरीत गेले आणि 1923 साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्यानंतर केंब्रिज आणि अमेरिका. आइन्स्टाइनची समीकरणं सोडवताना त्यांना दिसलं की विश्व एका जागी थांबून राहू शकत नाही, ते प्रसरण पावत असलं पाहिजे. 1927 साली त्यांनी हे छापलं, याच विषयावरचा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबल यांचा प्रसिद्ध निबंध यायच्या दोन वर्षं आधी. खुद्द आइन्स्टाइनला ते पटलं नाही. गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे, अशा अर्थाचं ते लमेत्रना तोंडावर बोलले. 1931 साली लमेत्र आणखी एक पाऊल पुढे गेले: प्रसरण उलटं मागे नेलं तर सगळं विश्व एका अतिशय घन आरंभाशी जाऊन पोचतं. आज आपण ज्याला बिग बँग म्हणतो, त्याचं बीज हे. बिग बँग हे नावही रेडिओवरच जन्मलं बरं का! 1949 साली बीबीसीवरच्या भाषणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी ते वापरलं, आणि हॉइल या सिद्धांताचे कट्टर विरोधक होते.

आता खरी गंमत पुढे आहे. 1951 च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी वैज्ञानिकांच्या सभेत भाषण केलं. विश्वाला आरंभ आहे असं विज्ञान आता सांगतंय, म्हणजे ते निर्मितीकडे आणि निर्मात्याकडेच बोट दाखवतंय, असा त्या भाषणाचा रोख होता. लमेत्रना याचा आनंद व्हायला हवा होता, नाही का? ते अस्वस्थ झाले. त्यांच्या दृष्टीने त्यांचा सिद्धांत हा भौतिकशास्त्राचा सिद्धांत होता. नवी निरीक्षणं आली तर उद्या तो बदलेल, कदाचित टाकूनही द्यावा लागेल. देवावरचा विश्वास त्याच्या खुंटीला टांगला, तर खुंटी निघाली की विश्वासही खाली येणार. त्यांनी पोपच्या वैज्ञानिक सल्लागारांपर्यंत हे म्हणणं पोचवलं. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप बोलले, तेव्हा तो दावा त्यांच्या भाषणात नव्हता.

1958 साली लमेत्रनी हेच पुन्हा स्पष्ट केलं. या सिद्धांताने नास्तिकाचं काही अडत नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि श्रद्धावंताला त्यांनी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या लपलेल्या देवाची आठवण करून दिली. तो देव समीकरणाच्या शेवटी उत्तर म्हणून सापडत नाही. रोज मिस्साबलिदान अर्पण करणारा माणूस हे सांगत होता, म्हणून माझ्या मनावर त्याचा फार ठसा आहे.

विश्वाच्या त्या उष्ण बालपणाची खूण 1965 साली सापडली: आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं एक मंद सूक्ष्मलहरींचं प्रारण. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना जुना अँटेनावाला टीव्ही आठवत असेल. चॅनेल लागलं नाही की पडद्यावर मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांमधला अगदी थोडा हिस्सा, शंभरात एखादी म्हणा, त्या प्रारणामुळे असायचा. लमेत्र तेव्हा आजारी होते. या शोधाची बातमी त्यांना मित्राकडून कळली आणि 1966 च्या जूनमध्ये ते गेले.

आता बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाकडे येऊ, जिथे देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो. पहिल्या दिवशी प्रकाश होतो आणि सूर्य येतो चौथ्या दिवशी. मुलं हे लगेच पकडतात आणि मला त्याचं कौतुक वाटतं. त्यांना मी सांगतो की ही अडचण संत ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडितालाही दिसली होती, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी, उत्तर आफ्रिकेत. हे दिवस आपल्या चोवीस तासांच्या दिवसांसारखे समजावेत का, यावर त्याने पानंच्या पानं लिहिली. त्याच लिखाणात त्याने ख्रिस्ती लोकांना खडसावलंही आहे: आकाश, तारे, प्राणी यांविषयी अविश्वासू माणसालाही जे ठाऊक आहे, त्यावर बायबलच्या नावाने काहीतरी बरळू नका. लोक तुम्हाला हसतील, आणि मग पुनरुत्थानाविषयी तुम्ही सांगाल ते तरी का ऐकतील? दुर्बीण, जीवाश्म, किरणोत्सार यातलं काहीही माहीत नसताना लिहिलेलं हे आहे.

मग गॅलिलिओचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. ती चूक ख्रिस्तसभेची होती आणि ती झाकू नये. 1633 साली जवळजवळ सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला गुडघ्यावर बसवून, पृथ्वी फिरते हे त्याचं मत मागे घ्यायला लावलं आणि 1642 मध्ये मरेपर्यंत घरात कैदेत ठेवलं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी चूक झाल्याचं जाहीर मान्य केलं ते 1992 साली. 359 वर्षं लागली! त्यात राजकारण होतं, गॅलिलिओची तिखट लेखणी होती, पृथ्वी फिरते याचा निर्णायक पुरावा त्याच्या हाती नव्हता, हे सगळं खरं. पण यातलं काहीही त्या गुडघ्यांवर बसवण्याचं समर्थन होत नाही.

वर्गात मी याहून जवळचं उदाहरण घेतो. ठाण्याहून कळव्याच्या पुढे जाणारी लांब पल्ल्याची गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते; 2022 पर्यंत फास्ट लोकलही इथूनच जायची. बाहेर काळोख, मुलं मोबाइलमध्ये. ज्या दगडातून गाडी जाते तो काळा बसाल्ट, म्हणजे दख्खनच्या लाव्हाचे थिजलेले थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते इथे पसरले. वय कसं कळतं? दगडातल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय सावकाश, पण ठरलेल्या वेगाने, आर्गन वायूत बदलत जातो. लाव्हा थिजला की तो आर्गन स्फटिकात अडकून बसतो. किती पोटॅशियम उरलं आणि किती आर्गन साठला हे मोजलं की वय निघतं. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलमधल्या वंशावळ्या मोजून सृष्टीची निर्मिती इसवी सनापूर्वी 4004 मध्ये झाली असं ठरवलं. ते विद्वान होते, त्यांनी मन लावून काम केलं होतं. पण पारसिकचा दगड त्यांना दुजोरा देत नाही, आणि दगडही देवाचाच आहे.

इथे मला एक गोष्ट सोपी करून सांगता येत नाही. त्या लाव्हाच्याच सुमाराला डायनोसॉर नष्ट झाले. डार्विनने 1859 साली जे मांडलं त्यात जन्म आहे तसं मरणही आहे, कोट्यवधी वर्षांचं मरण, माणूस यायच्या कितीतरी आधीचं. उत्क्रांती हे गृहीतकापेक्षा अधिक काही आहे असं पोपनी 1996 साली म्हटलं आणि आमच्यापुरता जुना वाद बराच निवळला. पण इतक्या वेदनेतून देव का घडवतो, हा प्रश्न उरतोच. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हते आहे असं प्रेषित पौल लिहितो. मी तिथवर येतो आणि थांबतो. मुलांनाही तसंच सांगतो.

मात्र नुसत्या वादातच आयुष्य घालवू नये. ऐरोलीच्या खाडीवर जा. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला अख्खी मुंबई तिथे येते, पण मी मुलांना आधी चिखलाकडे बघायला लावतो. तिवराच्या झाडाभोवती पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून उभी वर आलेली असतात, शेकड्यांनी. भरतीच्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून ही मुळं हवेत डोकं काढून श्वास घेतात. पान उलटून बोट फिरवा आणि जिभेला लावा, खारट लागेल. आत आलेलं जास्तीचं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं, आणि उन्हात त्याचे बारीक कण चमकतात. मुंबई इलाख्यातल्या या खारफुटीवर 1905 साली अभ्यासपूर्ण लेख लिहिणारे एथेलबर्ट ब्लॅटर हे झेवियर्स कॉलेजमधले स्विस जेझुइट धर्मगुरू होते. तिथला वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच कॉलेजातले फादर सांतापाव पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले आणि 1967 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. झाडाचं वर्णन करताना या मंडळींनी प्रवचन दिलं नाही. पाकळ्या मोजल्या, पानाची कडा पाहिली, जे दिसलं ते लिहिलं. मला तीही उपासनाच वाटते.

शेवटी एका गोष्टीबद्दल बोलतो, कारण तिथे चूक झाली तर माणूस हातचा जातो. आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, एका बाईंबरोबर मी खारघरला टाटा मेमोरिअलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात गेलो होतो. तिथे प्रोटॉनच्या झोतानेही कर्करोगावर उपचार होतात. प्रोटॉन शरीरात शिरतो तेव्हा वाटेत थोडीच ऊर्जा सोडतो आणि थांबण्याच्या जागी बहुतेक सगळी सोडतो, त्यामुळे गाठीच्या पलीकडचा भाग वाचतो. बाहेर बाकावर बाई रोझरी म्हणत होत्या. हाक आली तशी माळ पर्समध्ये ठेवून त्या आत गेल्या. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. याउलट मला अशी एक प्रार्थनासभा माहीत आहे जिथे एका मधुमेही गृहस्थांना सांगितलं गेलं की आता विश्वास ठेवा आणि गोळ्या सोडा. ते पायाला जखम घेऊन आयसीयूत पोचले. हा विश्वास नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा पौलाचा प्रिय वैद्य होता. आमच्या कॅथलिक बायबलातल्या बेनसिराच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय काढा. वैद्याचा मान राखा, औषधं परमेश्वरानेच जमिनीतून निर्माण केली आहेत आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. त्याच अध्यायात आजाऱ्याला प्रार्थना करायलाही सांगितलं आहे.

तेव्हा तुमच्या घरी कुणाला साखर असेल, रक्तदाब असेल, क्षयाचा कोर्स चालू असेल, तर कुणाच्याही सांगण्यावरून मधेच गोळ्या बंद करू नका. गोळी घेण्याआधी क्रूसाची खूण जरूर करा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.

नमस्कार.