घराला पायऱ्या किती?

मंडळी, आधी एक प्रश्नपत्रिका ऐका. तुमच्या घराच्या दाराशी पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठल्या खोलीत ठेवलेली असते? तुमच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं, त्यांना मुलं किती? विहीर घराच्या कोणत्या अंगाला आहे? आजीचं माहेर कुठलं? तिचे पाय बांधलेले होते की मोकळे?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल नावाचं बेट आहे. १९१० ते १९४० या तीस वर्षांत तिथल्या तपासणी ठाण्यावर अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या चिनी माणसांना असे प्रश्न विचारले जात. (मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून ते घट्ट बांधण्याची रूढी चीनमध्ये होती, त्यावरून तो आजीच्या पायांचा प्रश्न.) एकेकाला दोनशे प्रश्न ही नेहमीची गोष्ट होती, कधी त्याहून पुष्कळ जास्त. जबानी दोन-तीन दिवस चाले. आज मी मुख्यतः या जबानीविषयीच बोलणार आहे. चिनी मजुरांवरचे हल्ले आणि दंगली यांविषयी थोडंफार तरी लिहिलं जातं. पण कायदा रोजच्या कारभारात माणसाला कसा चिरडत होता, ते या प्रश्नांत दिसतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सोन्याच्या शोधात आणि पुढे रेल्वेच्या कामावर दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातून, त्यातही तैशान आणि आसपासच्या तालुक्यांतून, हजारो माणसं कॅलिफोर्नियात आली. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा मार्ग काढणाऱ्यांत बहुसंख्य चिनी होते. १८६९ मध्ये रेल्वे पूर्ण झाली, पुढच्या दशकात मंदी आली, आणि गोऱ्या कामगारांचा राग या स्वस्त मजुरांवर वळला. न्यायालयात दाद मागणंही कठीण होतं. गोऱ्या माणसाविरुद्ध चिन्याची साक्ष ग्राह्य नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५४ मध्येच देऊन ठेवला होता. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा झाला. मुदत दहा वर्षांची होती. ती १८९२ मध्ये वाढली, १९०२ मध्ये पुन्हा वाढली, आणि १९०४ मध्ये मुदतीची अटच काढून टाकली गेली.

बंदी मजुरांवर होती. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, प्रवासी आणि राजदूत यांना मुभा होती. आणखी एका वर्गाला अडवता येत नव्हतं, तो म्हणजे अमेरिकेचे नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याला बंदरावरच थांबवलं. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिकच आहे. शिवाय नागरिक बापाचं मूल परदेशात जन्मलं, तरी तेही नागरिक ठरत असे.

मग १८ एप्रिल १९०६ चा भूकंप आला. त्यामागून लागलेल्या आगीत शहराच्या जन्मनोंदी जळाल्या. ‘माझा जन्म इथलाच’ असं म्हणणाऱ्याला खोटं ठरवणारा कागद आता उरला नव्हता. दोन साक्षीदार उभे करायचे, नागरिकत्व मान्य करून घ्यायचं आणि गावी जायचं. परतताना बंदरावर नोंद करायची की मुलगा झाला. पुढच्या खेपेला आणखी एक. मुलगी क्वचितच नोंदवली जाई. अशी प्रत्येक नोंद म्हणजे अमेरिकेत शिरण्याची एक रिकामी जागा. ती पुतण्याला देता येई, नाहीतर दलालामार्फत विकता येई. वयाच्या प्रत्येक वर्षाला साधारण शंभर डॉलर हा दर सांगितला जातो, म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाला अठराशे डॉलर. त्या काळात ही रक्कम घराण्याला कर्जात बुडवणारी होती. अशा मुलांना ‘कागदी मुलगे’ म्हणत.

जागेबरोबर पढवणीची वही येई. तिच्यात त्या कागदी घराण्याची वंशावळ, गावाचा नकाशा, घरांच्या रांगा, शेजाऱ्यांची नावं असं सगळं प्रश्नोत्तरांत लिहिलेलं असे. जहाजावर ती पाठ करायची आणि बंदर दिसण्याआधी समुद्रात फेकायची. वही सापडली तर खेळ तिथेच संपला.

आता बेटावरची पद्धत पाहा. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच उरके. बाकीच्या चिन्यांना बोटीने बेटावर नेत. तिथे शौचाची तपासणी होई. आकडीकृमी किंवा यकृतातले कृमी सापडले, तर सुरुवातीच्या काळात तेवढ्यावरून परत पाठवता येई. दक्षिण चीनच्या भातखाचरांत राबणाऱ्या माणसाच्या पोटात हे कृमी असणं काही नवलाचं नव्हतं. त्यानंतर लाकडी बराकीत, कुलपाआड, तीन-तीन मजली खाटांवर दिवस काढायचे. जबानी होईपर्यंत नातेवाइकांची भेट नाही. पत्रं आणि पुडकी उघडून पाहिली जात.

जबानीला निरीक्षक, लघुलेखक आणि दुभाषा हजर असत. संगनमत होऊ नये म्हणून दुभाषे बदलत. मुलाची जबानी झाली की बापाची, मग भावाची किंवा दुसऱ्या साक्षीदाराची. प्रश्न तेच. याशिवाय बापाने दहा-पंधरा वर्षांपूर्वी परतताना दिलेली जबानी फायलीतून काढून समोर ठेवलेली असे. मुलगा म्हणतो पायऱ्या पाच, बाप म्हणतो चार, झाली तफावत. अशा तफावती साचल्या की प्रवेश नाकारला जाई.

इथे जरा थांबायला हवं. खरा मुलगा खऱ्या बापाबरोबर किती वेळ राहिलेला असे? बाप अमेरिकेत, मुलगा गावात. बाप बारा वर्षांपूर्वी गेला, त्यानंतर शेजारचं घर पडलं, विहिरीला कठडा बांधला गेला. दोघेही खरं बोलत असले तरी उत्तरं जुळत नसत. उलट, वही घोकलेल्या परक्या मुलाची उत्तरं नेमकी जुळत. त्यामुळे खऱ्या मुलांनाही स्वतःचंच घर पाठ करावं लागे. आपल्याकडे पढवलेला साक्षीदार न्यायालयात संशयास्पद ठरतो. इथे न पढवलेला माणूस परत पाठवला जाई. या तपासणीतून नातं सिद्ध होत नव्हतं, तयारी तेवढी सिद्ध होत होती. आणि हे अधिकाऱ्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. म्हणूनच ते प्रश्न वाढवत गेले, आणि वह्याही जाड होत गेल्या.

नाकारल्यावर वॉशिंग्टनला अपील करता येई, पण निकाल लागेपर्यंत मुक्काम बराकीतच. काहींचे महिने गेले, काहींचं वर्ष उलटलं. न्यायालयाचा मार्गही अरुंद होता. स्वतःला नागरिक म्हणवणाऱ्याच्या बाबतीतही प्रवेश अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम, असं सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्येच ठरवलं होतं. अडकलेल्यांना आतली मदत मिळे ती स्वयंपाकघरातून. तिथले चिनी कामगार सुट्टीच्या दिवशी शहरात जात आणि येताना उत्तरांच्या चिठ्ठ्या आणत. बापाने काय सांगितलं हे मुलाला त्या चिठ्ठीतून कळे.

याच बेटावर भारतीयही अडकले, बहुतेक पंजाबी. त्यांना वंशावळ विचारण्याची गरजच पडली नाही. ‘सरकारवर बोजा होतील’ एवढा शेरा पुरे होई, आणि नाकारले जाण्याचं त्यांचं प्रमाण चिन्यांपेक्षाही जास्त होतं. १९१७ च्या कायद्याने तर भारतासकट आशियाचा मोठा पट्टाच बंद केला.

बराकीत बसलेल्या माणसांनी भिंतींवर कविता लिहिल्या, काहींनी त्या लाकडात कोरल्या. अभिजात चिनी वळणाच्या, बहुतेक बिननावाच्या. व्यवस्थापनाने खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून त्यांवर रंग फासला. त्याच लांबीने आणि रंगाने खालचं लाकूड जपलं. इमारत पाडायची ठरली होती, तेव्हा १९७० मध्ये अलेक्झांडर वाइस या वनरक्षकाला ती अक्षरं दिसली. आतापर्यंत दोनशेहून अधिक कविता सापडल्या आहेत.

बंदी १९४३ मध्ये उठली, चीन युद्धात मित्रराष्ट्र होता म्हणून. वर्षाला प्रवेश किती? १०५. कागदी मुलग्यांचा गुंता मात्र सुटला नाही. १९५६ पासून सरकारने ‘कबुली’ची योजना राबवली: खरं नाव सांगा, बहुधा राहू देऊ. पण एकाने कबूल केलं की त्याच कागदी घराण्यातले सगळे उघडे पडत, आणि तो साम्यवादाच्या भीतीचा काळ होता. हजारोंनी कबुली दिली, अनेकांनी दिलीच नाही. त्यांची मुलं-नातवंडं आजही कागदावरचंच आडनाव लावतात. कॅलिफोर्नियातल्या दफनभूमींत अशा काही माणसांच्या शिळा आहेत. त्यांवर इंग्रजीत एक आडनाव कोरलेलं आहे आणि चिनीत दुसरंच.