वसईची घंटा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय वसईच्या किल्ल्यावर. पण खरं सांगू का, मला बोलायचंय घंटेवर.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तटाच्या आत अख्खं शहर वसवलं, चर्च, मठ, वाडे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला आणि वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. लक्षात ठेवा, घंटा देवळांना वाहिल्या. नाशिकचं नारोशंकर, भीमाशंकर आणि वाईजवळचं मेणवली.

मेणवलीला मी शाळेत असताना आजीबरोबर गेलो होतो. नाना फडणविसांचा वाडा बघून घाटावर उतरलो. कृष्णेला पाणी कमी, पायऱ्या तापलेल्या. आजीने पदराने घंटेवरची धूळ पुसली, तर आत एक बाई, कडेवर मूल, आणि आकडा १७०७.

"ही कुठली रे देवी?"

शेजारी उभे असलेले गुरुजी म्हणाले, "आजी, ती मेरी. ख्रिस्ताची आई."

आजी जरा थांबली. मग कनवटीची कुंकवाची डबी काढली. "लेकुरवाळी आहे ना? मग झालं!" असं म्हणून बोट टेकवलंसुद्धा. गुरुजी हसले, पण पुसलं नाही. मी बोटाच्या पेराने घंटेवर टकटक केलं. आवाज बारीकच, पण तळव्याला गुणगुण कितीतरी वेळ लागत होती. आजी म्हणाली, "दमलीय बिचारी, लांबून आलीय."

अरे, वेळ संपत आली! किल्ल्याचं पुढचं भराभर सांगतो. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो याच वसईला. मग इंग्रजांच्या काळात एका मेजरने किल्ला भाड्याने घेऊन आत चक्क साखर कारखाना काढला! जिथे घंटा वाजत होत्या तिथे उसाचा रस. आता पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, आणि पडक्या चर्चमध्ये लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांची रांग. अहो, त्या भिंती बघा आधी, झगे नंतर! बाहेर कोळीवाड्यात बोंबील वाळत असतात, तो वास मला तरी त्या फोटोंपेक्षा खरा वाटतो.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, ऊन फार लागतं. आणि बाजारात वसईची सुकेळी मिळाली तर मलाही थोडी आणा. हल्ली फारशी मिळत नाहीत हो. नमस्कार.